पुढची सीट

१२ जानेवारी, रविवार

ही डायरी कंपनीला टेप पुरवणाऱ्या एजन्सीने दिवाळीला वाटली होती. तेव्हापासून कपाटावर धूळ खात पडली होती. आज काढली, कारण घरात पाहुणे आहेत आणि मला भांडायचंय. भांडता येत नाही म्हणून लिहिते.

पहिल्या पानावर नाव घालायला जागा आहे. स्वरूपा निरंजन गराडे, भोसरी. झालं.

पहिला राग कानाचा. चाकणच्या आमच्या कंपनीत गाडीच्या आतल्या वायरींचे जुडगे बांधतात. प्रत्येक वायरीचं टोक कनेक्टरमध्ये ढकललं की बारीक ‘टक्’ आवाज येतो. तो आला तर जोडणी पक्की, नाही आला तर तो जुडगा पुढे जाता कामा नये. नऊ वर्षं मी तपासणीच्या टेबलावर होते, माझ्या हातून एक सैल कनेक्टर कधी बाहेर गेला नाही. नोव्हेंबरात तीन परत आले. मशीनवर कान तपासला तर डाव्या पडद्याला भोक. लहानपणी कान वाहायचा तेव्हा आई लसणाचं तेल ओतून मोकळी व्हायची, त्याची ही फळं. लाइन लीडर तनुजाने मला टेप गुंडाळायला बसवलं. वर म्हणते, “ताई, हाताला काम तर आहे ना.” अगं बाई, काम आहे, पण मान गेला त्याचं काय? पडद्याचं ऑपरेशन केलं तर ऐकू येईल आणि टेबल परत मिळेल. बावीस तारीख ठरली आहे.

दुसरा राग आजचा. विमलमावशी, म्हणजे आत्यांची धाकटी बहीण, नातवाला घेऊन आली होती. (आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, यशोदाबाई. मी पहिल्यापासून आत्याच म्हणते.) चहा झाला आणि दीर, ज्ञानेश भाऊजी, सुरू झाले. लग्नाची वरात औशाहून मावळात निघाली, भिगवण आलं, आणि नवी नवरी भाऊजींच्या नव्या सफारी सूटवर भडाभडा ओकली. चौदा वर्षं झाली तरी ह्या माणसाची ती सफारी काही वाळत नाही! तेव्हापासून मी ‘पिशवीवाल्या वहिनी’. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या असतात म्हणून. गाडी लागते मला, त्यात माझा काय गुन्हा? तिसऱ्या वर्षापासून मला जेजुरीलाही नेत नाहीत. “घरी कुणीतरी पाहिजेच की पाणी भरायला.” माहेरी जायचं म्हटलं तर निरंजन म्हणतात, “नऊ तास तुला झेपेल का?” (वहीत नाव घेते, तोंडाने अजून ‘अहो’च.) आईला भेटून चार वर्षं झाली.

आणि सगळ्यात मोठ्याने कोण हसतं? आत्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसतात. स्वतः मात्र महाराणीसारख्या पुढच्या सीटवर. मोठ्या आहेत ना, आणि गुडघे दुखतात! गाडीत बसल्या की तोंडात लवंग, कुणाशी एक शब्द बोलायचा नाही, आणि दिवे घाट चढून झाला की गाडी थांबवून पाय मोकळे करायला खाली उतरायचं. सगळ्यांनी पंधरा मिनिटं ताटकळायचं. ह्यांचे गुडघे ते गुडघे, आणि माझं पोट म्हणजे नखरे.

१८ जानेवारी, शनिवार

आज थेरगावला डांगे चौकाजवळच्या त्या कानाच्या हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टरांची भेट होती. एका माणसाच्या कानासाठी चौघं गेलो. भाऊजींनी गाडी काढली, त्यामुळे ते. निरंजन. आणि आत्या, “म्या बी येते” म्हणून पुढच्या सीटवर आधीच जाऊन बसलेल्या. भाऊजी स्वतःच्या गाडीला दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, निरंजनलासुद्धा नाही. सख्खा भाऊ आहे, पण नाही.

भूल देणाऱ्या डॉ. दीक्षा सोनकांबळे. माझ्याहून लहानच असतील. टेबलाच्या अलीकडे मी, पलीकडे त्या, आणि बाजूला एक हिरवा पडदा. त्या पडद्याआड बाकड्यावर आमची सगळी वरात.

“एखादा दात हलतोय का?”

“नाही.”

“जिना चढताना दम लागतो?”

“रोज तीन जिने चढते, पाण्याची कळशी घेऊन.”

“सिगारेट, बिडी?”

मी बघतच राहिले. मी, आणि बिडी! म्हटलं, “मिश्रीसुद्धा लावत नाही.” त्यांनी ‘नाही’ लिहिलं आणि चेहरा असा केला जणू मी वाईट बातमी दिली.

“आधी कधी पूर्ण भूल घेतली होती?”

“नाही.”

“गाडी लागते का? बसमध्ये, घाटात मळमळतं, उलटी होते?”

पडद्याआडून भाऊजींचं फिसकन हसू ऐकू आलं. त्यांचं हसू तेवढं दोन्ही कानांनी ऐकू येतं मला. लगेच पडदा बाजूला करून आत्यांचं डोकं आत. “अवो डाक्टरीणबाई, हिला—”

मी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. “नाही! मला गाडीबिडी काही लागत नाही.”

“नक्की ना?”

“नक्की. रोज भोसरी ते चाकण कंपनीच्या बसने जाते, विचारा कुणालाही.”

हे खोटं नाही. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून, आल्याचा तुकडा गालात धरून, पण जाते. डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहून घेतलं. आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. बघून असा काही आनंद झाला म्हणता! चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडचा घास मी काढून घेतला.

आणि खरं सांगायचं तर हा प्रश्नच कशाला? ऑपरेशन कानाचं. मी काय एसटीत बसून ऑपरेशन करून घेणार आहे? लोकांना चौकशा हव्यात फक्त.

२० जानेवारी, सोमवार

निरंजन म्हणाले, “डॉक्टरांना खोटं कशाला सांगितलंस?”

मी म्हटलं, “तुम्ही का नाही बोललात मग?”

“तू कुणाला बोलू दिलंस का? फोन कर त्यांना.”

नाही करणार. पुन्हा सगळं फोनचा आवाज मोठा करून बोलायचं आणि ह्यांनी पलीकडच्या खोलीत हसायचं. पडद्याच्या, म्हणजे ऑपरेशन करणाऱ्या, डॉक्टरांनी बाकी सगळं नीट सांगितलंय आणि माझं पाठ आहे. ऑपरेशननंतर नाक शिंकरायचं नाही. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून. वाकून काही उचलायचं नाही, कुंथायचं नाही, पोटावर आणि डोक्यावर जोर येईल असं काहीच करायचं नाही. नाहीतर नवा बसवलेला पडदा जागचा सरकेल आणि सगळं मुसळ केरात. मी काही लहान नाही, सांभाळीन.

२३ जानेवारी, गुरुवार

हॉस्पिटलमधूनच लिहितेय.

काल सकाळी ऑपरेशन झालं. जाग आली तेव्हा डोक्याला ही एवढी पट्टी, आणि वरचं छत फिरत होतं. स्ट्रेचर हलवला मात्र, पोटातून असा काही उमासा आला की विचारू नका. लिफ्टमध्ये एकदा. वॉर्डात खाटेवर सरकवताना दुसऱ्यांदा. मग मोजायचं सोडून दिलं. पोटात काही नव्हतंच, नुसतं हिरवं-पिवळं कडू पाणी, आणि तेही संपल्यावर कोरडे उमासे. मान जरा इकडची तिकडे झाली की पुन्हा. भिगवण झालं, दिवे घाट झाला, सगळं एका जागी आडवं पडून!

वॉर्डातली सिस्टर म्हणाली, “भुलीनंतर होतंच असं, ताई. इंजेक्शन दिलंय. सहन करा थोडं.” सहन करा! तिचं काय जातं? प्रत्येक उमाशाला मी दोन्ही हातांनी डोकं दाबून धरत होते, कारण डोळ्यांपुढे एकच, आतला तो पडदा. सरकला असेल आता. ह्या वेळी नक्की सरकला. नऊ वर्षांचं टेबल, त्या सगळ्या जोडण्यांचा टक्-टक्, सगळं त्या स्टीलच्या भांड्यात चाललंय असं वाटत होतं. रडले मी. रडतानाही जोर येतो म्हणून तेही दाबून रडले.

निरंजन नुसते भांडं धरून उभे. आत्या कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. एकाएकी उठल्या आणि चालू पडल्या. मला वाटलं, चहाला गेल्या. चहा सुटत नाही ह्यांचा, सून मेली तरी!

आल्या त्या डॉ. दीक्षांना हाताला धरून घेऊन. अक्षरशः ओढत. आणि आठ खाटांच्या त्या वॉर्डात, सगळे पेशंट, त्यांचे नातेवाईक बघताहेत, अशा आवाजात सुरू झाल्या, “तिला गाडी लागती. लगीन झाल्यापासनं. त्या दिशी खोटं बोलली ती. आता तुमी काय ते त्या गाडीचं आवशीद द्या, ह्या पोटाच्या आवशिदानं न्हाई व्हायचं. आन् तिला हलवू नगा. तोंडापुढं पंखा लावा, डोळं मिटू द्या.”

डॉक्टर एक शब्द रागावल्या नाहीत. सिस्टरला दुसरंच इंजेक्शन सांगितलं, खाटेचं डोकं वर करायला लावलं, दुखण्याचं कडक इंजेक्शन बदललं, आणि माझ्याशी कुणी बोलायचं नाही असं बजावलं. थोड्या वेळाने डोळे जड झाले. जाग आली ती आज सकाळी. छत जागच्या जागी होतं आणि जीभ चामड्यासारखी कोरडी.

उलटी थांबली ते ठीकच. पण चुगली ती चुगलीच! आठ खाटांपुढे माझी लक्तरं टांगायची काय गरज होती? डॉक्टरांच्या कानात सांगता आलं नसतं?

त्याच दिवशी, संध्याकाळी

डॉ. दीक्षा येऊन गेल्या. मी आधीच ठरवलं होतं की काही ऐकून घ्यायचं नाही. पण त्या खाटेच्या कडेला बसल्या आणि बोलू लागल्या, तर ऐकतच बसले.

मेंदूत उलटीचा हुकूम सोडणारी एक जागा असते. तिच्याकडे निरोप वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक वाट पोटाकडून. एक रक्तातल्या औषधांकडून. आणि एक कानाच्या आत तोल सांभाळणारं जे नाजूक यंत्र आहे, त्याच्याकडून. ह्या कानाच्या वाटेवर निरोप पुढे पोचवण्यात हिस्टामिन नावाच्या रसायनाचा मोठा वाटा. कोणतं हिस्टामिन? तेच, ज्याने ॲलर्जीत शिंका येतात आणि अंगावर पित्ताच्या गांधी उठतात! ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला जे उलटीचं औषध दिलं होतं ते मुख्यतः पोटाच्या वाटेवरचं दार लावणारं. माझं उघडं दार भलतंच होतं. ज्यांना गाडी लागते त्यांचं ते मुळातच खिळखिळं. त्यात भुलीचा गॅस, त्यात दुखण्याचं कडक औषध, त्यात ऑपरेशन नेमकं कानाचंच, आणि मग स्ट्रेचर-लिफ्टचे धक्के.

“मग काल काय दिलंत?”

“हिस्टामिन अडवणारं. जुन्या पद्धतीचं ॲलर्जीचं औषध.”

घ्या! उलट्या माझ्या आणि औषध शिंकांचं. पण मग कळलं. आमच्याकडे हॉर्नचं कनेक्टर सैल असताना कुणी हेडलाइटच्या वायरीला टेप गुंडाळत बसलं तर तनुजा त्याला फाडून खाईल. काल संध्याकाळपर्यंत माझ्या बाबतीत तेच चाललं होतं.

निरंजन मध्येच म्हणाले, “सर्दीची गोळी तर घरात पण आहे की, झोप न येणारी.” डॉक्टर म्हणाल्या, ती नका देऊ. नव्या गोळ्या मेंदूत फारशा शिरत नाहीत, म्हणून झोप येत नाही, आणि म्हणूनच उलटीलाही त्यांचा उपयोग नाही. जुनी मेंदूत शिरते, गुंगी आणते, पण दारही लावते. तीसुद्धा मनाने घ्यायची नाही, त्या लिहून देतील तेवढीच.

सिगारेटचंही विचारलं मी. तर म्हणे न ओढणाऱ्यांना ऑपरेशननंतर उलट्या जास्त होतात. बायकांना पुरुषांपेक्षा जास्त. म्हणजे बाईचा जन्म घ्या, व्यसन करू नका, आणि बक्षीस म्हणून भांडं धरा! कुठला हा न्याय?

“तुम्ही ‘हो’ म्हणाला असतात,” त्या म्हणाल्या, “तर गॅसऐवजी शिरेतून भूल दिली असती. हे इंजेक्शनही आधीच दिलं असतं. उलटी झालीच नसती अशी हमी नाही, पण एवढी नसती झाली.”

“मग नीट विचारायचं होतं.”

“दोनदा विचारलं मी.”

“पडद्याआड दीर बसवून विचारलंत!” माझा आवाज चढलाच. “मॅडम, ह्या एका गोष्टीवरून चौदा वर्षं मला हसतात. त्यांच्यासमोर हो म्हणू? एकटीला विचारलं असतंत तर सांगितलं असतं.”

मग म्हणाल्या, “हे बरोबर आहे तुमचं. यापुढे बाकीच्यांना बाहेर बसवीन.” एवढं सरळ कबूल करणारं माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

पडद्याचं विचारलं तर म्हणाल्या, ते आज कुणीच सांगू शकणार नाही. सहा-आठ आठवडे थांबा.

आता मला एकच सांगा. हे रसायन आहे! अंगातलं रसायन, कानातलं यंत्र. साखर वाढलेल्याला कुणी हसतं का? दम्याच्या माणसाला ‘पंपवाले काका’ म्हणतं का कुणी? मग चौदा वर्षं माझे नखरे कसले? इतका संताप झालाय की पट्टीखाली डोकं ठणकतंय, आणि संतापायचंही नाही म्हणे, जोर येतो.

२४ जानेवारी, शुक्रवार

घरी आले. लिहितेय खरी, पण काय लिहू आणि काय नको असं झालंय.

सोडताना डॉ. दीक्षांनी भाऊजींना बोलावून सांगितलं, पेशंट पुढच्या सीटवर बसेल, नजर समोर रस्त्यावर, गाडी सावकाश, धक्के नकोत. भाऊजींनी विचारलं, “पुढे बसून काय फरक पडतो?” डॉक्टर म्हणाल्या, डोळ्यांना जे दिसतं आणि कानातल्या यंत्राला जे जाणवतं ते जुळलं की त्रास कमी. म्हणून तर जो गाडी चालवतो त्याला सहसा लागत नाही. भाऊजी किल्ली फिरवत बसले.

मी पुढे बसले. आत्या दारापाशी उभ्याच राहिल्या. जागा गेली म्हणून फुगल्या असणार, मनात म्हटलं, बसा आता मागे, कळू दे. त्या मागे बसल्या. पदर नाकाला लावला.

चिंचवड मागे पडलं. माझं सगळं लक्ष रस्त्यावर आणि हात पर्सवर. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर गाडी गोल वळायला लागली, आणि मागून आवाज आला. मी तर कधी ऐकला नव्हता असा आवाज, बारीक, लहान मुलीसारखा.

“पिशवी हाय का गं, स्वरूपा?”

मान वळवायची नव्हती म्हणून मी हातच मागे केला. पिशवी त्यांनी हिसकावून घेतली. पुढचं काही बघितलं नाही, ऐकलं. ओळखीचं होतं सगळं.

भाऊजी काय म्हणाले माहितेय? “आईला ॲसिडिटी झालीय. हॉस्पिटलचा वास सहन नाही झाला.” निरंजन म्हणाले, “हो, सकाळपासून उपाशी आहे ना.” वा रे वा! आईची ती ॲसिडिटी आणि बायकोचे ते नखरे!

२६ जानेवारी, रविवार

भांडले. जोर न करता, हळू आवाजात, पण भांडले.

आत्या भात घेऊन आल्या होत्या. मी म्हटलं, “किती वर्षांपासून लागते तुम्हाला?” त्यांनी ताट खाली ठेवलं. आधी ‘काय तरीच’ म्हणाल्या. मग बसल्या आणि सांगितलं. जसं सांगितलं तसंच लिहिते.

“लगीन होऊन आठ दिस झालं व्हतं. जेजुरीला टेंपोतनं निघालो. घाटात मला उमळून आलं. माजी सासू समद्या टेंपोपुढं म्हणली, माहेरातनंच पोटुशी होऊन आली का काय ही पोरगी. आठ दिस झालं व्हतं गं. तुज्या सासऱ्यानं चार म्हयनं माज्याशी धड बोलनं केलं न्हाई. तवापासनं तोंडात लवंग धरली ती आजपातूर. पुढं बसायला मिळावं म्हणून गुडघं दुखत्यात म्हणून सांगितलं. एकदाबी कुनाला कळू दिलं न्हाई.”

“आणि मी ओकले तेव्हा?”

आत्या माझ्याकडे बघेनात. “तू भिगवणला ज्ञानाच्या अंगावर केलंस, समदी तुज्याकडं बघून हसाय लागली. मला वाटलं, सुटले बाई. आता माज्याकडं कोन बघतंय.”

हे असं तोंडावर सांगितलं त्यांनी! मला कुठे बघावं कळेना. त्या टेंपोतल्या पोरीला कुशीत घ्यावंसं वाटत होतं, आणि ह्या बाईच्या झिंज्या उपटाव्या असंही वाटत होतं. माहीत नसताना हसणाऱ्याला माफी आहे. हिला तर सगळं माहीत होतं. कसं वाटतं, कुठून येतं, नंतर किती लाज वाटते, सगळं. आणि तरी सगळ्यात मोठ्याने हसायची. चौदा वर्षं!

मी म्हटलं, “मग आता हे चारचौघांत सांगा.”

“जीव गेला तरी न्हाई.”

“मग माझ्याशी बोलू नका.”

त्या ताट ठेवून गेल्या. भात मऊ, तूप घातलेला होता. मी खाल्ला, भूक होती. पण बोलणार नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

टाके निघाले. कानात भरलेलं औषध अजून विरघळायचंय, त्यामुळे डावीकडे सगळं बंद, कापूस कोंबल्यासारखं. उलट्यांचं सांगितलं तेव्हा पडद्याचे डॉक्टर नुसतं “हं” म्हणाले. त्या “हं”चा अर्थ काय? चांगला की वाईट? एवढे शिकलेले लोक, एक वाक्य पुरं बोलायला काय होतं?

आत्यांशी अबोला चालू आहे. त्या रोज माझं पाणी भरतात.

१६ मार्च, रविवार

आज भाऊजींच्या नव्या गाडीची पूजा होती. आमच्या बिल्डिंगच्या खालीच. विमलमावशी, तिच्या घरचे, शेजारीपाजारी, सगळे. चाकाखाली लिंबू, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. सीटवरचं कंपनीचं प्लास्टिक भाऊजींनी काढलं नव्हतं.

मी आत्यांच्या उजव्या बाजूला उभी होते, म्हणजे त्या माझ्या डावीकडे, आरतीचं ताट घेऊन. दीड महिना बोलणं नाही, पण पूजेला शेजारी उभं राहावंच लागतं. उजवीकडे विमलमावशी माझ्या चांगल्या कानात तिच्या सुनेची गाऱ्हाणी ओतत होती. सून उशिरा उठते, सून मोबाइल सोडत नाही. मी लिंबाकडे बघत उभी.

तेवढ्यात भाऊजी ओरडले, “हे प्लास्टिक मुद्दाम ठेवलंय बरं का! पिशवीवाल्या वहिनींसाठी!” झालं. सगळी बिल्डिंग हसली. निरंजनसुद्धा ओठ दाबून. “ऐका तुम्ही, वरात भिगवणला आली आणि—”

विमलमावशी हसत हसत माझ्या उजव्या कानापाशी अजून बोलतच होती. आणि डावीकडून आवाज आला. अगदी खालचा, पुटपुटल्यासारखा. “गप रं ज्ञाना. मला बी लागती.”

मी आत्यांच्या तोंडाकडे बघत नव्हते. डावीकडचं माणूस काय बोलतं ते मी इतके महिने ओठांवरून ओळखत आले. आता तर मी लिंबाकडे बघत होते. आणि तरी ऐकू आलं. एवढ्या हसण्यात, त्या विमलमावशीच्या कटकटीत, शब्द न् शब्द. डाव्या कानाने!

दुसरं कुणीच ऐकलं नव्हतं. भाऊजी सफारीपर्यंत पोचले होते. रडू येत होतं आणि रागही. मी आत्यांकडे वळले आणि दीड महिन्यात पहिल्यांदा त्यांच्याशी बोलले.

“आत्या, जोरात बोला. मला ऐकू आलं. ह्यांना नाही आलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या डाव्या कानाकडे. ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. तोंडातली लवंग त्यांनी काढून तळहातावर घेतली आणि असा आवाज लावला की वरच्या गॅलरीतली माणसं वाकून बघायला लागली.

“मला बी गाडी लागती म्हणलं! लगीन झाल्यापासनं! तिला हसायचं आसंल त्यानं आदी मला हसायचं!”

कुणी हसलं नाही. भाऊजी म्हणाले, “आई, तुला ती ॲसिडिटी—”

“ॲसिडिटी न्हाई. गाडी.”

मग पहिल्या फेरीला पुढे कोण बसणार असा प्रश्न आला, कारण पुढची सीट एक आणि आम्ही दोघी. मी म्हटलं, “सोपं आहे. आज गाडी हे चालवतील. आत्या पुढे बसतील. आणि भाऊजी, तुम्ही मागे माझ्या शेजारी बसा. प्लास्टिक आहेच.”

“मी मागे बसत नाही,” भाऊजी म्हणाले.

“का?”

ते किल्ली मुठीत घट्ट धरून उभे राहिले, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. चालवणाऱ्याला सहसा लागत नाही, हे डॉ. दीक्षांचं बोलणं मला आठवलं आणि पर्समधल्या पिशव्या मी मोजून ठेवल्या.

गुरुवारी मशीनवर कान तपासणार आहेत. तपासू देत. तनुजाला मी आजच फोन करून सांगितलं की माझं टेबल पुसून ठेव.